सरळ दातांचे बोबडे बोल

आमच्या लहानपणी दात ही सर्वस्वी परमेश्वरी इच्छा होती. ते येतील तसे येत आणि राहतील तसे राहत. पुढच्या दोन दातांत फट असली तर पोरगा भाग्यवान, तान्ह्या बाळाचा वरचा दात आधी आला तर मामाला जड, एवढ्यावर घराघरांतले दंतशास्त्र संपे. दात पुढे असलेल्या मुलीच्या पत्रिकेबरोबर पाठवायचा फोटो तोंड मिटून काढीत आणि पुढचे सगळे लग्नानंतर बघू म्हणत.

आता तसे राहिलेले नाही. नववीच्या वर्गाचा फोटो बघा, निम्मा वर्ग चांदीचे दागिने तोंडात घालून आल्यासारखा चमकतो. त्या तारांशी माझे काही भांडण नाही. दीड-दोन वर्षे तारा घालून मुलांचे दात कवायतीच्या रांगेसारखे उभे राहतात, ते बघायला बरे वाटते आणि घासायलाही सोपे जातात. खर्च होतो, आमच्या कन्येच्या दातांवर जे खर्च झाले त्यात माझ्या बापाने घराचा एक मजला चढवला असता. पण तेही सोडा. माझी फिर्याद तारा निघाल्यानंतरची आहे.

तारा निघाल्या की आपल्याला वाटते सुटलो. पेढे वाटायच्या बेतात असतो आपण. तेवढ्यात डॉक्टर एक लहानशी डबी पुढे करतात. त्या डबीत गुलाबी रंगाचा एक तुकडा असतो. दिसायला कवळीचे पिल्लू. टाळूला चिकटून बसेल असा प्लास्टिकचा पातळ पत्रा, मागे दाढांना धरायला दोन आकडे आणि समोरच्या दातांवरून जाणारी एक तार. ह्याला रिटेनर म्हणतात. घरोघरी त्याची 'प्लेट' होते. चार्ल्स हॉली नावाच्या अमेरिकन डॉक्टरने शंभरेक वर्षांपूर्वी ती काढली आणि आजही ती त्याच्याच नावाने चालते. शंभर वर्षांत रेडिओ गेले, ग्रामोफोन गेले, ही राहिली. ह्यावरून ती कामाची आहे हे मी पहिल्याच तारखेला कबूल करून टाकतो.

कामाची का, तेही डॉक्टरांनी मला समजावले. सरकवलेले दात म्हणजे वाड्यातले जुने भाडेकरू. त्यांना समजुतीने दुसऱ्या खोलीत हलवले तरी त्यांचे मन पहिल्या खोलीतच असते. हाडाला नव्या जागी घट्ट व्हायला महिने लागतात आणि हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षवर्ष जुन्या दिशेला ओढत राहतात. तेवढ्या काळात दातांना कुणीतरी धरून ठेवले पाहिजे. नाहीतर दोन वर्षांची मेहनत आणि माझ्या बापाचा तो न चढलेला मजला, दोन्ही पाण्यात. पहिले काही महिने दिवसरात्र आणि मग नुसती रात्री, अशी ही पहारेकऱ्याची नोकरी. मला हे सगळे पटले. मी मान डोलावली. मग सहज म्हणून विचारले,

"डॉक्टर, ह्याने बोलायला काही त्रास?"

डॉक्टर हातमोजे काढत होते. मान वर न करता म्हणाले, "होईल सवय."

ह्या दोन शब्दांवर माझी फिर्याद आहे.

एक तर हे उत्तर नव्हे. मी विचारले त्रास होतो का, ते म्हणाले सवय होईल. नव्या सुनेने विचारावे, सासूबाई तापट आहेत का, आणि सासऱ्यांनी सांगावे, होईल सवय, त्यातला प्रकार. आणि दुसरे म्हणजे 'सवय' ह्या शब्दात पहिलेच अक्षर 'स' आहे. हे उत्तर डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडात प्लेट घालून द्यायला हवे होते, म्हणजे ते 'थवय' झाले असते आणि माझा प्रश्न जागच्या जागी निकालात निघाला असता.

घरी येईपर्यंत कन्या गप्प होती. घरी आल्यावर तिने आजीला हाक मारली आणि आजी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आल्या, कारण त्यांना वाटले पोरीला काहीतरी लागले. कन्येच्या स्वतःच्या नावाची सुरुवात 'स' ने होते. (नाव लिहायचे नाही असे तिने बजावले आहे.) त्या संध्याकाळी तिला मैत्रिणीच्या आईचा फोन आला. "कोण बोलतंय?" ह्या प्रश्नाला स्वतःचे नाव सांगता येईना तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. चौदा वर्षांची, दिवसाला सरासरी सहा तास बोलणारी मुलगी. मी आयुष्यात पहिल्यांदा तिचा फोन घेतला.

मग मी जरा खोलात शिरलो. आपल्या वर्णमालेची एक गंमत आहे, आणि ती आपल्या पूर्वजांनी कुठल्याही दंतवैद्याच्या आधी करून ठेवली आहे. अक्षरे तोंडात जिथे तयार होतात त्या क्रमाने ती मांडलेली आहेत. क-वर्ग घशाशी, च-वर्ग टाळूशी, ट-वर्ग टाळूच्या घुमटात जिला मूर्धा म्हणतात तिथे, त-वर्ग दातांशी आणि प-वर्ग ओठांवर. आतून बाहेर, एसटीच्या थांब्यांसारखी. आता ती प्लेट बसते कुठे बघा. टाळू, मूर्धा आणि वरच्या दातांची मागची बाजू. पाच थांब्यांपैकी मधले तीन सरळ खणून ठेवलेले. उरले घसा आणि ओठ. म्हणजे क आणि प.

'स' चे तर विशेषच आहे. हा उच्चार म्हणजे जिभेने वरच्या दातांच्या मागे हवेला एक बारीकशी पन्हाळ करून देणे. ही पन्हाळ इतकी नाजूक असते की तिथे दोन मिलिमीटर जाडीचा पत्रा आला की वारा वाट चुकतो. मग 'स' ची कुणाच्या तोंडी शिट्टी होते, कुणाच्या तोंडी 'थ' होतो आणि आमच्याकडे पहिले दोन दिवस प्रेशर कुकरचा भास झाला. त्यात नव्या वस्तूला अन्न समजून तोंडाला पाणी सुटते ते निराळेच. ट, ड, ण, ळ म्हणताना जीभ वर वळून प्लेटीवर आपटते आणि प्रत्येक शब्दामागे एक 'टक्' असा आवाज येतो, जणू कुणी आत बसून टाइप करते आहे. त, द, न थोडा मार खाऊन का होईना पण बाहेर पडतात.

ह्याचा घरगुती अर्थ असा की काका, काकू, मामा, मामी आणि बाबा एवढी मंडळी सुखरूप. ताई आणि दादा किरकोळ जखमी. मावशी, आजी, आजोबा, भाचा, भाची ह्यांची अवस्था गंभीर. आणि सासू, सासरे, जाऊ, जावई हे सगळेच्या सगळे प्लेटीखाली. (काही वाचकांना ह्यात प्लेटीचा फायदा दिसेल. ते मी त्यांच्यावर सोडतो.) 'आई, भूक' हे प्लेटीतूनही स्वच्छ ऐकू येते. 'आई, जेवायला वाढतेस का' हे येत नाही. चौदा वर्षांची मुलगी तान्हेपणी जे बोलायची तेवढ्यावर पुन्हा येऊन बसते.

आणि मराठीचा आणखी एक खास त्रास आहे, जो हॉलीसाहेबांच्या स्वप्नातही आला नसेल. आपल्याकडे च दोन आणि ज दोन. लिहायचे एक, बोलायचे दोन. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे मरू नकोस, ह्यांतला फरक आपण कागदावर दाखवत नाही. तो जिभेच्या टोकाने दाखवतो. हा दुसरा, दातांकडे झुकणारा च-ज म्हणजे चमच्यातला च, चोरातला च, चुकीतला च, झाडातला झ. ह्यांचे राहायचे ठिकाण नेमके प्लेटीच्या पुढच्या कडेवर. इंग्रजी बोलणाऱ्याला प्लेट लागली तर त्याचे मुख्यतः स आणि झेड बिघडतात. आमच्याबरोबर जी इंग्रजी पत्रिका दिली होती तिच्यात तेवढेच लिहिले होते, की स चा उच्चार थोडा काळ बदलेल. मराठी माणसाचे काय काय बदलेल ह्याचा तिच्यात पत्ता नव्हता. ळ तर त्या पत्रिकेला माहीतच नाही. आणि ही पत्रिका कुठे वाटली जाते, तर जिथे सगळ्या रुग्णांना 'डोळे मिटा, कळ येईल, पण चूळ भरताना गिळू नका' असे सांगितले जाते तिथे. मोजा त्यात किती ळ आहेत.

'होईल सवय' मधले खरे काय आहे ते आता सांगतो, म्हणजे माझ्यावर एकांगीपणाचा आरोप नको. सवय होते. जीभ हा फार हुशार अवयव आहे. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, ती प्लेटीला वळसा घालून नवी पन्हाळ शोधून काढते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. पण जीभ हे आपोआप शिकत नाही, बोलून शिकते. प्लेट तोंडात ठेवून जितके बोलाल, मोठ्याने वाचाल, तितकी ती लवकर शिकते. तोंड मिटून बसलात किंवा बोलायच्या वेळी प्लेट काढून ठेवलीत तर ती शिकत नाही. म्हणजे 'होईल सवय' ह्या वाक्याच्या पुढे आणखी एक वाक्य आहे, 'पण बोलत राहिलीस तर', आणि ते वाक्य डॉक्टर हातमोज्यांबरोबर टोपलीत टाकून मोकळे होतात.

ते वाक्य न सांगितल्यामुळे काय होते? मूल बोबडे बोलते, कुणीतरी हसते, मूल गप्प होते. गप्प झाले की जीभ शिकत नाही. शिकत नाही म्हणून पुन्हा तोंड उघडले की तेच. मग ते एक दिवस वर्गात हळूच प्लेट काढून कंपासपेटीत ठेवते. दुसऱ्या दिवशी रुमालात. तिसऱ्या दिवशी डब्याबरोबर आलेल्या कागदी रुमालात, आणि मधली सुट्टी संपली की तो कागदी रुमाल डब्यातल्या उरलेल्या पोळीसकट कचऱ्यात. नवी प्लेट करायला आठ दिवस, तेवढ्यात दातांनी जुन्या खोलीकडे एक पाऊल टाकलेले. डॉक्टर म्हणतात, "काय हो, मुलं निष्काळजी असतात." मुले निष्काळजी असतात हे मला मान्य आहे, मी बाप आहे. पण जी मुलगी दोन वर्षे तारांमधून शेंगदाण्याचे कण टोकदार ब्रशने उपसत बसली, ती निष्काळजी कशी? तिने प्लेट हरवली नाही. तिने ती लपवली.

आणि हसणारे कोण असतात? इथे मला जरा आपल्याच माणसांबद्दल बोलावे लागेल. बायबलच्या जुन्या करारात एक गोष्ट आहे. लढाईत हरलेली टोळी जॉर्डन नदीच्या उतारावरून पळत होती. जिंकलेल्या टोळीने तिथे पहारा बसवला आणि येणाऱ्या प्रत्येकाला 'शिब्बोलेथ' असे म्हणायला लावले. ज्याला 'श' म्हणता आला नाही, ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' आले, त्याला तिथेच मारले. बेचाळीस हजार मेले म्हणतात. ही गोष्ट वाचून आपण हळहळतो. पण आपल्या मध्यमवर्गाने हा पहारा कधी उठवलेला नाही. नदीऐवजी चहाचे टेबल एवढाच फरक. कुणी 'पाणी' म्हणतो की 'पानी', 'शाळा' म्हणतो की 'साळा', ह्यावरून आपण माणसाचे गाव, घर, शाळा आणि पुढचेही बरेच काही अर्ध्या मिनिटात ठरवतो. मारत नाही, नुसते एकमेकांकडे बघून हसतो.

आता ह्याच घरांतून पोरांचे दात सरळ करायला सगळ्यांत आधी माणसे धावली. आणि दोन वर्षांनी त्याच घरातल्या मुलाच्या तोंडून, तोंडात एवढी महागाची प्लेट घालून, 'पानी' येते! आमचे एक नातेवाईक आहेत. शुद्ध उच्चारांबद्दल त्यांची ख्याती आहे. लग्नात भटजींचेही उच्चार ते मांडवातून दुरुस्त करतात. एका मुंजीत त्यांनी कन्येला विचारले, "काय गं, कितवीत?" ती म्हणाली, "नववीत." हे निभावले. "कोणती शाळा?" इथे घोटाळा झाला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मराठी काही फारसं कानावर पडत नाही वाटतं घरात?" मी त्यांना प्लेटीचे सांगितले. "असं होय!" म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर केवढा दिलासा आला! म्हणजे बोबडेपणाला हरकत नव्हती. तो पैसे देऊन घेतलेला असला की झाले.

कन्येने त्यानंतर शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेतून नाव काढून घेतले. मला सांगितलेही नाही, वर्गबाईंकडून कळले. गेल्या तीन वर्षांत दोनदा तिला बक्षीस होते. मी विचारले तर म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी." हे दोन शब्द तिने फार जपून निवडले असणार, कारण नंतर ती पुढे काही बोललीच नाही. दात मात्र सुंदर दिसतात. फोटोत हसते सुद्धा. ज्या तोंडाला आम्ही हसायला शिकवले त्याने बोलायचे सोडले, हा सौदा मला कुठल्याही अंदाजपत्रकात दाखवलेला नव्हता.

हे फक्त मुलांचे आहे असे समजू नका. आता चाळिशी-पन्नाशीची माणसेही दात सरळ करून घेतात. आमच्या सोसायटीत एक वकील आहेत, दिवाणी बाजूचे. त्यांनी मुलीबरोबर स्वतःचेही दात करून घेतले. त्यांची प्लेट पारदर्शक, दातांवर टोपीसारखी बसणारी. ही हॉलीच्या प्लेटीपेक्षा बोलायला बरी, टाळू मोकळा राहतो; पण दातांवर एक मिलिमीटरचे आवरण आले की 'स' तरी थोडा अडतोच. आणि वकिलाच्या धंद्यात तर साक्षीदार, शपथ, सुनावणी, स्थगिती, सगळी स ची आणि श ची खैरात. ते उलटतपासणीच्या वेळी प्लेट काढून काळ्या कोटाच्या खिशात ठेवू लागले. कोट धुवायला गेला. लाँड्रीवाल्याने ती प्रामाणिकपणे परत आणून दिली, पण गरम पाण्यातून गेल्यामुळे ती आता कुणाच्याच दातांची राहिली नव्हती.

आमच्या घरात ह्यावर उपाय निघाला तो डॉक्टरांकडून नव्हे, आजीकडून. माझ्या आईला वरची कवळी बसवून अकरा वर्षे झाली. एक दिवस ती नातीला म्हणाली, "अगं, माझ्या टाळूला तर तुझ्यापेक्षा जाड पत्रा आहे. मी नाही विष्णुसहस्रनाम म्हणत?" आणि मग तिने जे सांगितले ते ऐकून मी उडालो. कवळी पक्की करायच्या आधी तिच्या डॉक्टरांनी मेणात बसवलेले दात तिच्या तोंडात घालून तिला बोलायला लावले होते! फ आणि व म्हणायला लावले, स चे शब्द म्हणायला लावले, आकडे मोजायला लावले. मी एका ओळखीच्या दंतवैद्याला विचारले. म्हणाले, हो, ही रीतच आहे, पाठ्यपुस्तकात आहे. फ-व म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे लागते ते बघतात, स म्हणताना वरच्या-खालच्या दातांत किती फट राहते ते बघतात. उच्चार नीट आला नाही तर दात हलवून पुन्हा मांडतात.

आता मला सांगा. त्याच विद्येचे, त्याच पदवीचे लोक सत्तर वर्षांच्या बाईला घरी पाठवण्याआधी बोलून दाखवायला लावतात, आणि चौदा वर्षांच्या मुलीच्या टाळूवर तसाच पत्रा चढवून 'होईल सवय' म्हणतात. आजीबाईंना उरलेल्या आयुष्यात भाषणे करायची नव्हती. मुलीला आयुष्यभर बोलायचे होते. कवळी गेलेल्या दातांच्या जागी येते म्हणून तिच्याकडून बोलण्याचीही अपेक्षा, आणि प्लेट म्हणजे निव्वळ दातांची राखणदार, म्हणून तिने फक्त दात धरावेत? दोन्हींच्या खाली वळवळणारी जीभ एकच आहे हो.

हा मुद्दा घेऊन मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. माणूस वाईट नाही. बाहेर पंधरा पेशंट बसले होते तरी त्यांनी ऐकून घेतले. मग हसून म्हणाले, "अहो, तो ग्रीसचा डेमॉस्थेनिस तोंडात खडे धरून बोलायला शिकला आणि केवढा वक्ता झाला!" म्हटलं, "डॉक्टर, तो खडे घेऊन एकटा सराव करायचा आणि सभेत जाताना खडे काढून जायचा. त्याला कुणी खडे घालून नववी ब मध्ये बसवलं नव्हतं." ते म्हणाले, आधीच भीती घातली तर मुले प्लेट घालायलाच तयार होत नाहीत. हे मात्र मला मुळीच पटले नाही. दाढ काढताना 'टोचेल थोडं' असे सांगतातच की. न सांगता टोचले तरच मूल पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

मग मी खिशातला कागद काढला. माझ्या मागण्या फार नाहीत. प्लेट देण्याआधी आईबापांना नव्हे, मुलाला स्वतःला सांगावे की काही दिवस तुझे स, श, च, ज आणि ळ बिघडणार आहेत, त्यात तुझी चूक नाही, आणि जितकी बडबड करशील तितके लवकर सुधारतील. (बडबड करायचा हुकूम डॉक्टरांकडून मिळाला तर कुठले मूल नाही म्हणेल?) ज्यांना बोलण्याचेच काम आहे त्यांना पहिल्या दिवशीच विचारावे की टाळू मोकळा ठेवणारी पारदर्शक प्लेट चालेल का, किंवा दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवता येईल का. अशी तार बोलण्याच्या आड जवळजवळ येत नाही, तिच्याभोवती कीटण साठते म्हणून घासायला तेवढी जास्त काळजी लागते. सगळ्यांना सगळे चालत नाही हे मला कळते. विचारायला तर काही लागत नाही. वर्गशिक्षकांना द्यायला दोन ओळींची चिठ्ठी द्यावी. ताप आला तर देतातच.

आणि शेवटी, खुर्चीवरून उठण्याआधी मुलाकडून एक्केचाळीस ते एकोणपन्नास मोठ्याने मोजून घ्यावेत. इंग्रजीत म्हणे पन्नास-साठचे आकडे मोजून घेतात, स साठी. आमच्याकडे ह्यापेक्षा कितीतरी सरस माल पडून आहे. 'चाळीस' ह्या एका शब्दात टाळू, मूर्धा आणि दात, तिन्ही थांबे येतात. त्रेचाळीस, चव्वेचाळीस, पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस. जी जीभ ह्यातून पार पडली ती कुठेही अडणार नाही. आमच्याकडे आजी आणि नात रोज संध्याकाळी दिवेलागणीला हेच करत होत्या. एक कवळीतून, एक प्लेटीतून. सहाव्या दिवशी चव्वेचाळीस ओळखू यायला लागला. तिसऱ्या आठवड्यात कन्येचे फोन पुन्हा तिच्याच हातात गेले आणि टेलिफोनचा खर्च आता बिलावर मोजत नाहीत म्हणून बरे.

डॉक्टरांनी कागद नीट वाचला. म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण माझ्याकडे येणारी निम्मी मुलं विचारतील, सत्तेचाळीस म्हणजे फॉर्टी-सेव्हन ना?"

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तो दातांच्या डॉक्टरांचा विषयही नव्हे. मी म्हटले, "तेही सांगून टाका एकदाच, प्लेटीच्या बिलात." कागद मी त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवून आलो आहे. पुढच्या महिन्यात तपासणीला जायचे आहे. काचेखालीच आहे की हातमोज्यांच्या टोपलीत गेला, ते तेव्हा कळेल.